मंद आचेची जादू: देवगिरीवरची प्रेमकथा लिहितेय, मिठापाशी अडलेय

वेरूळनाका

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा ठेवून या.

गेले दोन पावसाळे एक कथा लिहितेय. साल १२९६, जागा देवगिरी. रामदेवरायाचं राज्य आहे, शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर गेलाय आणि अल्लाउद्दीन खिलजी अचानक दारात येऊन उभा राहिलाय. हे सगळं शाळेत शिकलोय आपण. पण फरिश्ता या फारसी इतिहासकाराने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला झोपू देत नाही. वेढ्याच्या घाईगडबडीत कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या धान्य समजून गडावर ओढून घेतल्या. उघडल्या तर आत मीठ! खायला दाणा नाही आणि कोठारभर मीठ.

माझी नायिका गौराइसा, कोठारावरच्या माणसाची मुलगी. तिला एकच गोष्ट येते आणि ती तिने कुणाला सांगितलेली नाही. गडाचं मीठ खाऊन जो गडाशी खोटं वागतो, त्याच्या हातचं तिला अळणी लागतं. जादू म्हणाल तर एवढीच. ठिणग्या नाहीत, मंत्र नाहीत, आकाशवाणी नाही. माइदेव नावाचा मिठाचा व्यापारी गडाखाली उतरतो. हुरड्याचे दिवस असतात. सगळ्यांच्या मुठीतला हुरडा चवीचा लागतो, त्याने चोळून दिलेला तेवढा अळणी. म्हणजे हा हेर आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तरी ती दुसऱ्या दिवशी जातेच.

एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती. 'जादू ठळक झाली नाही' अशा शेऱ्यासकट परत आली. कुठला अंक ते विचारू नका, पुढच्या वर्षी परत पाठवायचीय.

अडचण अशी की मला ती ठळक करायचीच नाहीये. दरबारी कारस्थानात जो मोठ्याने बोलला तो मेला. मग तिथली जादू का ओरडेल? पण शेवट सापडत नाही. गोण्या उघडतात, तिथेच मी थांबलेय.

बालाघाटी

ताई, आदूगर सांगतो, मी असलं कधी वाचत नाही. राजा-राणी दिसली की पान उलटवतो. हे मात्र दोनदा वाचलं.

मिठाचं बरोबर धरलंय तुम्ही. आपल्याकडं समुद्र कुठं? आमचे आजोबा सांगायचे, लमाणांचे बैलतांडे घाट चढून मीठ घेऊन यायचे. 'लमाण' हा शब्दच लवणावरून आला म्हणतात. तेव्हा आपल्या भागात मीठ घेऊन येणारा माणूस नेहमी परकाच. तुमचा हिरो मिठाचा व्यापारी आहे, त्यातच सगळं आलं. ज्याच्यामुळं इमान ठरतं ती वस्तूच बाहेरच्याच्या हातात.

बाकी शेवटाचं मला काय कळूना. लोक सांगतील.

पोथीपुराण

कल्पना उत्तम, पण तुम्ही पाठवलेला मसुदा वाचून काही ठिकाणी दातात खडा आला. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

एक. गौराइसा 'दरबारात' जाते. १२९६ च्या देवगिरीत दरबार नव्हता, सभा होती. दरबार, खजिना, हुकूम, फौज, सरदार, बाजार हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले, आणि ते जिच्याबरोबर आले ती सत्ता तुमच्या कथेत अजून गडाच्या पायथ्याशी उभी आहे. भांडार म्हणा, आज्ञा म्हणा, हाट म्हणा. किल्ला नको, दुर्ग. खंदक नको, परिखा. मशाल नको, दिवटी.

दोन. पान ७ वर ती कालवणात मिरची घालते. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे अजून दोनशे वर्षं थांबावं लागेल. मिरी घाला, आलं घाला. ज्वारी चालेल.

तीन. दोघं चांद मिनाराच्या सावलीत भेटतात. मिनार १४४५ चा आहे. सावली तरी कशाची पडणार?

चार, आणि हे मुख्य. 'जादू' हा शब्दसुद्धा फारसी आहे. तुमच्या कथेतलं एकही पात्र तो शब्द उच्चारू शकत नाही. चेटूक म्हणतील, करणी म्हणतील, कुणी विद्वान असेल तर विद्या म्हणेल. आणि मला वाटतं यातच तुमच्या दिवाळी अंकाला उत्तर आहे. चेटूक म्हटलं की दोष लागतो, विद्या म्हटलं की गुरू कोण ते विचारतात. गौराइसेला जे येतं त्याला शब्दच नाही. ज्याला नाव नाही ते ठळक कसं होणार?

आता थोडं तुमच्या फायद्याचं. कारस्थान हवं असेल तर रामदेवाच्याच घरात भरपूर आहे. महादेवरायानंतर गादीवर त्याचा मुलगा आमण बसला. १२७१ मध्ये रामदेवाने त्याला दूर केलं, ते कसं? नटांच्या मेळ्यात वेश पालटून गडावर प्रवेश मिळवला आणि खेळ चालू असताना आमणाला धरलं. हे मी दंतकथेतून सांगत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला रामदेवाचाच १३१० चा ताम्रपट सापडला, त्यात ही नटांची हकिगत आहे. पुढे आमणाचे डोळे काढले. जो राजा स्वतः सोंग घेऊन गडात शिरला, त्याच्याच गडात पंचवीस वर्षांनी गोण्यांनी सोंग घेतलं. गौराइसेच्या बापाने तो खेळ बघितलेला असेल की नाही?

वेरूळनाका

पोथीकाका, मिरचीबद्दल माफी. चांद मिनाराबद्दल जास्तच माफी, लहानपणापासून दर सहलीला त्याच्या सावलीत डबा खाल्लाय, हात आपोआप तिकडे गेला.

'जादू' शब्दाचं वाचून खरंच उठून फेऱ्या मारल्या. आणि बापाने तो खेळ बघितला होता. आत्ता ठरलं.

सुईदोरा

माझी एक सूचना. नायिकेने निरोप कसा पाठवावा? पैठणीच्या पदराच्या उलट्या बाजूला विणून! पुढून मोर, मागून अक्षरं. रोमँटिक पण होईल आणि कारस्थान पण.

पैठणची_सून

सुईदोरा, कल्पना गोड आहे पण एक गोची आहे. पैठणीच्या पदराला उलटी बाजू नसतेच. 😄

माझ्या सासरी माग आहे म्हणून सांगते. पदरातल्या प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी. रंग जिथे संपतो तिथे धागा शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवायचा, मागे लोंबता सोडायचा नाही. त्यामुळे मोर दोन्हीकडून मोरच. गिऱ्हाईक आलं की सासूबाई काही बोलत नाहीत, नुसता पदर उलटा करून समोर धरतात. मागे दोरे दिसले तर ती आमची नाही.

लपवायचंच असेल तर हिमरूच्या शालीत लपवा. सुती ताण्यावर रेशमाची जास्तीची वीण, आणि पुढे न लागणारं रेशीम मागे मोकळं तरंगत असतं. त्यानेच ती शाल मऊ लागते. त्या मोकळ्या धाग्यांत कुणी काय घातलं ते देवालाच ठाऊक. शिवाय जुन्या हिमरूच्या मागाला दोन माणसं लागायची, एक खाली विणणारा आणि एक वर बसून दोऱ्या ओढणारा. नक्षी खालच्याच्या डोक्यात नसते, वरच्या दोऱ्यांच्या गाठींत असते. खाली बसलेल्याला आपण काय विणतोय ते कापड पुढे सरकेपर्यंत दिसत नाही. मला कधी लिहिता आलं तर मी त्या दोघांवर लिहीन.

पण हिमरूचे कारागीर तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा, १३२७ नंतर, इकडे आले असं सांगतात. म्हणजे गौराइसेला तीस-एक वर्षं उशीर होतो. तिला पदर ठेवा, पण निरोपाशिवाय. जिच्या पदराला उलटी बाजू नाही ती बाई सगळ्या गडाला फसवतेय, एवढं पुरे की.

लातूरचा_विज्ञानवाला

एक वेगळा सूर लावतो. सगळ्यांना हे 'अलगद जादू' प्रकरण फार गोड वाटतंय. मी ज्या गावात वाढलो तिथे भानामती होती. बाया भुंकायच्या, अंगावर फुल्या उठायच्या, वाळत घातलेली लुगडी पेटायची. यामागे कुठलीही शक्ती नव्हती. घुसमट होती, भीती होती, कधी सरळसरळ लबाडी होती. आणि दर वेळी शेवटी बोट जायचं ते एखाद्या एकट्या बाईकडे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झाला नाही.

काल्पनिक कथा लिहायला माझी हरकत नाही. पण मराठवाड्यात बसून 'एका बाईला गुप्त शक्ती असते' असं लिहायचं तर ती बाई पकडली गेल्यावर तिचं काय होतं, हेही लिहायला हवं.

सुईदोरा

अहो पण ही कथा आहे. परीकथेत कायदा कशाला?

लातूरचा_विज्ञानवाला

परीकथा असती तर बोललो नसतो. साल लिहिलंय, गाव लिहिलंय.

वेरूळनाका

भांडू नका. लातूरकर, तुमचं म्हणणं पटलं. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी थोडा रागच आला होता.

माझ्या मसुद्यात ती शेवटपर्यंत सुरक्षित आहे, कारण कुणाला कळतच नाही. हा माझा आळशीपणा. सभेत कुणाचा तरी पाय ओढायचा तर 'त्याच्या कोठारात चेटकी आहे' याहून स्वस्त हत्यार कुठलं? गोण्यांत मीठ निघालं की पहिला प्रश्न हाच असणार, धान्याचं मीठ कुणी केलं. व्यापाऱ्यांची चूक, घाईची चूक, कोठारावरच्या माणसाची चूक, हे सगळं मागे पडेल आणि बाई पुढे येईल. म्हणजे जिच्याकडे खरंच काहीतरी आहे तिच्यावर आळ येतो, तो नेमका तिने न केलेल्या गोष्टीचा.

पोथीपुराण

हे चांगलं आहे. सांभाळून लिहा.

बोरीकाठ

उशिरा आलो. सगळे देवगिरीवर आहेत म्हणून कुणीतरी नळदुर्गाचं नाव काढायला पाहिजे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. बोरी नदीला किल्ल्यात वळवून बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. धरण भरलं की पाणी दोन सांडव्यांवरून पडतं, एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी.

मागच्या श्रावणात बायकोला घेऊन गेलो होतो. लग्नाला अकरा वर्षं झालीत, सांगायचं कारण पुढे येईल. जिना उतरून आत गेलो. खिडकीबाहेर अख्खं पाणी कोसळतंय, हात बाहेर काढला तर ओढला जाईल असं, आणि आतली भिंत कोरडी. ही काहीतरी बोलली. मला फक्त ओठ हलताना दिसले. 'काय?' म्हणालो तर तिला माझे ओठ दिसले. दोन हातांवर उभे राहून आम्ही एकमेकांना ओरडून काही सांगत होतो आणि एक अक्षर पोचत नव्हतं. शेवटी हसत सुटलो.

वर आल्यावर विचारलं काय म्हणालीस, तर म्हणे काही नाही. अजून सांगितलेलं नाही.

आदिलशाही कारस्थानाला याहून चांगली खोली कुणी बांधली असेल असं मला वाटत नाही. कान लावणारा दाराशी उभा राहिला तरी उपयोग शून्य. तिथे ज्याला ओठ वाचता येतात तो राजा. वेरूळनाका, पुढची कथा तिथे करा, पावसाळ्यात या, राहायची सोय माझ्याकडे.

पैठणची_सून

वहिनींना विचारा हो परत!

बोरीकाठ

विचारतोय. श्रावण येईपर्यंत थांब म्हणते.

गोदाकाठ

धागा आवडला, पण पैठणच्या लोकांनी अजून गुणाढ्य काढला नाही याचं नवल वाटलं. दरबारी प्रेम, कारस्थान आणि जादू, तिन्ही एका गोष्टीत, आणि घडते आपल्या प्रतिष्ठानात. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात बसून कथासरित्सागर रचला, त्याच्या सुरुवातीलाच ही येते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून म्हणाली, 'मोदकैः ताडय माम्.' म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नका. राजाला संस्कृत बेताचंच. त्याने मोदक मागवले! राणी हसली, दासी हसल्या, राजा तोंड लपवून आत जाऊन पडला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. आणि हरला. एका संधीच्या चुकीवरून राज्यातला मोठा पंडित मुका झाला. एवढं बारीक कारस्थान मी कुठे वाचलेलं नाही. बरं, यात कुणी वाईटही नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचं. गुणाढ्य रानात गेला, 'पैशाची' नावाची भाषा शिकला, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती पिशाचांची भाषा म्हणून परत पाठवली. (दिवाळी अंकाने कथा परत पाठवली म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) मग तो डोंगरावर अग्निकुंड करून एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. रानातले पशू चरणं सोडून भोवती उभे राहिले, डोळ्यांत पाणी. आणि राजाला हे कसं कळलं? तो आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं मांस खाण्यात येतंय. आचाऱ्यांनी पारध्यांना धरलं. पारधी म्हणाले, आम्ही काय करणार, डोंगरावर एक ब्राह्मण वाचतोय आणि जनावरं चरायची थांबलीत.

राजा धावला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले.

वेरूळनाका, तुमच्या कथेशी हे जुळतं ते इथे. जादू सभेत दिसली नाही, ताटात कळली. तुमच्या गौराइसेची जीभ फार जुन्या घराण्यातली आहे.

वेरूळनाका

गोदाकाठ, ही गोष्ट मी लहानपणी ऐकलेली, पण मोदकांपाशीच थांबायची. सुक्या मांसाचा भाग कुणी सांगितलाच नव्हता. मला आता वाटायला लागलंय की आपल्याकडची दरबारी जादू वाक्प्रचारांतच पडून आहे, नुसती शब्दशः घ्यायची खोटी. मिठाला जागणं. विडा उचलणं. सभेत तबकात विडा ठेवलाय, जो उचलेल त्याने कामगिरी पत्करली. आता समजा तो विडा तोंडात रंगेपर्यंत माणसाला मागे फिरताच येत नसेल तर? पाणी जोखणं. शब्द टाकणं. आणि प्रेमात तर काय, जीव लावणं, म्हणजे कुठे लावायचा, कशाला लावायचा...

बरं, पण माझा शेवट अजून नाहीच.

बालाघाटी

ताई, काल रात्री आईला तुमची कथा वाचून दाखवली. आई शाळेत गेली नाही, पण ऐकताना मधी बोलत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणली, "त्या पोरीला तो चोर हाय हे कळलं अन तिनं सांगितलं नाही. मंग तिला तिच्या सोताच्या हातचं कसं लागूलालं?"

मी गपच बसलो. तुम्हाला विचारायचं म्हणून लिहितो.

पोथीपुराण

…

पैठणची_सून

अंगावर काटा आला. मावशींना नमस्कार सांगा.

वेरूळनाका

तीन दिवस गायब होते. पहिल्यापासून लिहून काढलं. शेवटचा तुकडा देतेय. चेटकीच्या आळाचं प्रकरण याच्या आधी येतं, ते लांब आहे. बालाघाटी, हे आईंना वाचून दाखवा, मग इतरांनी बोला.

*तिसऱ्या गोणीची सुतळी बापाने दातांनी तोडली. आत पांढरं. त्याने मूठ भरली, सोडली, पुन्हा भरली. दुसऱ्या खेपेला ज्वारी निघेल अशी. नटांचा मेळा गडावर आला त्या रात्री तो असाच हसत उभा होता, सोंग उतरेपर्यंत.*

*बाकी गोण्या कुणी सोडल्याच नाहीत. काठीने टोचल्या. टोचलं की पांढरी धार.*

*रात्री गौराइसेने मडक्याच्या तळचं पीठ काठवटीत झाडून घेतलं. एका भाकरीपुरतं होतं. चिमूटभर मीठ घातलं, बोट जिभेला लावलं. काही नाही. आणखी चिमूट घातली. काही नाही. मग डोळे मिटून मूठ सोडली.*

*माइदेव भिंतीशी बसला होता. उतरायला वाट होती तेव्हा तो उतरला नव्हता. तिने अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तो गिळला.*

*"खारट झालीय," तो म्हणाला.*

*"किती?"*

*"तुला कळत नाही?"*

*तिने आपली अर्धी तोंडात घातली आणि चावत राहिली.*

बालाघाटी

वाचली. आई काही बोलली नाही. उठून मिठाची बरणी झाकून आली.

पोथीपुराण

दुसऱ्या परिच्छेदात 'बाकी' आलंय. अरबी आहे. 'उरलेल्या' करा.